लुई आर्मस्ट्राँग, १९२३ ते १९२८ : तबकड्या उतरवून घेतानाच्या नोंदी

३१ मे २०२५, डेटन (ओहायो)

काम असं ठरवलं आहे. अमेरिकन जॅझ ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगची सुरुवातीची ध्वनिमुद्रणं, म्हणजे एप्रिल १९२३ पासून डिसेंबर १९२८ पर्यंतची, तारखेच्या क्रमाने लावायची. प्रत्येक बाजू ऐकायची आणि तिच्यासमोर चरित्रांत काय लिहिलंय ते मराठीत टिपायचं. जुळलं तर जुळलं, नाही तर तसं लिहायचं. ज्या तबकड्या परवडतील त्या स्वतः उतरवायच्या, बाकीच्या सार्वजनिक संग्रहांतून घ्यायच्या. अमेरिकेत १९२३च्या ध्वनिमुद्रणांवरचा हक्क गेल्या वर्षी १ जानेवारीला संपला आणि १९२४च्यांवरचा यंदा. त्यामुळे आर्मस्ट्राँग ज्याच्या बँडमधून पुढे आला त्या किंग ऑलिव्हरचा शिकागोतला सगळा काळ आता मोकळा आहे.

हाताशी असलेलं सामान : बाबांनी पुण्याहून दिलेला जुना गॅरार्ड रेकॉर्ड प्लेअर, माझी पेटी, लॅपटॉप. खर्चाची मर्यादा ३०० डॉलर.

८ जून

प्लेअरला २३० व्होल्ट लागतात, इथे १२०. व्होल्ट वाढवणारा ट्रान्सफॉर्मर घेतला, ३८ डॉलर. लिलावात 'वेस्ट एंड ब्लूज'ची ओके कंपनीची मूळ तबकडी मिळाली, क्रमांक ८५९७, पोस्टासकट ५९ डॉलर. ध्वनिमुद्रण २८ जून १९२८, शिकागो. कडेला एक छोटा टवका गेलाय, पण तो खाचांपर्यंत पोचलेला नाही.

पहिल्यांदा वाजवली तेव्हा नुसती खरखर आणि तिच्यामागे कुठेतरी ट्रंपेट. कारण साधं होतं. प्लेअरवर एलपीची, म्हणजे नंतरच्या बारीक खाचांच्या तबकड्यांची सुई होती. लाखेच्या तबकडीची खाच कितीतरी रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी जाऊन बसते आणि शंभर वर्षांची धूळ वाचत राहते. भिंतींवर कोरलेलं संगीत तिला नीट लागतच नाही. मिनिटाला ७८ फेरे मारणाऱ्या या जुन्या तबकड्यांसाठी इंचाच्या तीन सहस्रांश टोकाची सुई लागते. मागवली, ३२ डॉलर. एक आठवडा गेला.

१५ जून

नवी सुई बसवली आणि सुरुवातीचा तो एकट्या ट्रंपेटचा आलाप खोलीभर उभा राहिला. त्याच्यापुढे बँड नाही, ठेका नाही. एक माणूस वरून खाली येतो, पुन्हा चढतो आणि मग बाकीच्यांना हळूच आत घेतो. मी तो अकरा वेळा ऐकला.

वेगाची खात्री करून घेतली. बाबांनी प्लेअरबरोबर रेषांची कागदी चकती दिली होती. ती तबकडीवर ठेवून विजेच्या दिव्याखाली फिरवायची, रेषा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. दिसल्या स्थिर. (एलईडी दिव्याखाली हे नीट दिसत नाही, जुना निऑनचा दिवा शोधावा लागला.)

आर्मस्ट्राँगच्या स्वरातल्या धारदारपणाबद्दल तीन पानं लिहिली.

२२ जून

ती तीन पानं फाडली.

मंडळाच्या भजनासाठी पेटी बाहेर काढली होती. सहज 'वेस्ट एंड ब्लूज'बरोबर सूर धरून बघितला. हे गाणं ई फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे आपल्या पेटीवर काळी दोन. माझी तबकडी काळी तीनच्या आसपास वाजत होती. तीन पट्ट्यांचा फरक! गाण्याची लांबी मोजली तर पावणेतीन मिनिटं. असायला हवी सव्वातीनच्या पुढे.

पुण्याला फोन लावला. बाबांनी एकच विचारलं, "तिकडे विजेची सायकल किती, सेकंदाला?"

"साठ."

"आणि मोटरची पुली पन्नासचीच आहे ना? अगं, मोटर सायकलवर फिरते, व्होल्टवर नाही. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलले, सायकल साठची साठच राहिली."

हिशेब मांडला. ७८ गुणिले ६०, भागिले ५०, उत्तर ९३.६. तबकडी मिनिटाला सुमारे ९४ फेरे मारत होती. आणि रेषांची चकती? तिच्यावर ७७ रेषा आहेत, म्हणजे तीही ५० सायकलच्या दिव्यासाठीच केलेली. साठच्या दिव्याखाली ती बरोबर त्याच चुकीच्या वेगाला स्थिर दिसते. मोटर आणि चकती दोघी एकाच गावच्या, दोघींनी एकमेकींची साक्ष दिली. जे कोणी भारतातून प्लेअर आणणार असतील त्यांनी हे आधी बघा : साठ सायकलची पुली आणि ९२ रेषांची चकती. पुली इंग्लंडहून मागवली, २४ डॉलर. पोचायला तीन आठवडे.

ज्या धारेबद्दल मी एवढं लिहिलं होतं, तिच्यातली बरीचशी पुलीची होती.

२९ जून

पुली येईपर्यंत चरित्रं. इथेही वेळ वाया गेला, तो कसा ते लिहिते.

आर्मस्ट्राँगचं १९५४ सालचं आत्मचरित्र नऊ संध्याकाळी वाचलं, पहिल्या ध्वनिमुद्रणाबद्दल त्याच्याच तोंडून काही मिळेल म्हणून. ते पुस्तक ऑगस्ट १९२२ मध्ये संपतं. न्यू ऑर्लिन्सहून आगगाडीने तो शिकागोला येतो, लिंकन गार्डन्स या नाचघरात ऑलिव्हरच्या शेजारी बसून वाजवतो, आणि पान संपतं. ध्वनिमुद्रणाला अजून आठ महिने असतात. न्यू ऑर्लिन्ससाठी ते पुस्तक अवश्य वाचावं, तबकड्यांसाठी उघडू नये. त्याआधीचं, १९३६ सालचं पुस्तक त्याच्या नावावर असलं तरी त्यावर दुसऱ्यांचे हात इतके फिरलेत की वाक्यावाक्याला थांबावं लागतं.

जन्मतारखेचं उदाहरण पुरे. तो आयुष्यभर ४ जुलै १९०० सांगत आला. १९८०च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या सेक्रेड हार्ट चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद उजेडात आली, तिच्यात ४ ऑगस्ट १९०१ आहे. म्हणजे त्याआधीच्या प्रत्येक चरित्रात त्याचं वय वर्षाहून जास्त चुकलेलं आहे. मी माझ्या वहीत वय लिहिताना जुन्या पुस्तकातून उतरवलं होतं. पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी 'बावीस' लिहिलं होतं, ते खोडून 'एकवीस' केलं.

वहीत आता दोन रकाने केलेत. एकात तो काय सांगतो, दुसऱ्यात कागद काय सांगतो. त्याचं सांगणं खोडायचं नाही. गरीब घरात जन्मलेल्या त्या मुलाला कोणी जन्मतारीख सांगितली असेल आणि कशी, हे मला ठाऊक नाही. त्याने ती मनापासून सांगितली एवढं दिसतं.

४ जुलै

क्रम लावताना केलेली चूक.

ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडने ५ आणि ६ एप्रिल १९२३ रोजी इंडियाना राज्यातल्या रिचमंडला, जेनेट कंपनीसाठी नऊ बाजू मुद्रित केल्या. आर्मस्ट्राँगचं हे पहिलंच ध्वनिमुद्रण. मी त्या लेबलवरच्या क्रमांकांनी लावल्या : ५१३२, ५१३३, ५१३४, ५१३५. त्यामुळे माझ्या यादीत 'डिपरमाउथ ब्लूज' सगळ्यात आधी आलं, आणि 'स्नेक रॅग' तर पुढच्या कुठल्यातरी बैठकीतलं ठरलं, कारण तिचा क्रमांक ५१८४.

लेबलवरचा क्रमांक विक्रीचा असतो. वाजवण्याचा क्रम मॅट्रिक्स क्रमांकात असतो, तो लेबलच्या बाहेरच्या मोकळ्या पट्टीत उमटवलेला सापडतो. त्यानुसार 'जस्ट गॉन' ११३८३, 'कॅनॉल स्ट्रीट ब्लूज' ११३८४, आणि असंच पुढे. 'चाइम्स ब्लूज' ११३८७, 'वेदर बर्ड रॅग' ११३८८, 'डिपरमाउथ' ११३८९, शेवटी 'स्नेक रॅग' ११३९१. सगळ्या एका माळेत. ५१३५ या तबकडीच्या दोन बाजूंवर 'चाइम्स' आणि 'फ्रॉगी मूर' आहेत, मॅट्रिक्स ११३८७ आणि ११३९०.

या क्रमाने ऐकलं की फरक पडतो. 'चाइम्स ब्लूज'मध्ये आर्मस्ट्राँगला पहिल्यांदा एकट्याने पुढे येऊ दिलंय. बारा मात्रापदांचे (मात्रापद म्हणजे बार, चार मात्रांचा गट) दोन फेरे, दुसरा जवळजवळ पहिल्यासारखाच. सुचेल ते वाजवणारा माणूस इथे नाही, पाठ केलेलं चोख म्हणणारा मुलगा आहे. आणि लगेच पुढची बाजू, 'वेदर बर्ड रॅग', ही त्याचीच रचना.

१२ जुलै, रिचमंड

डेटनहून आय-७० महामार्गाने पश्चिमेला तासाभराच्या आत. व्हाइटवॉटर नदीच्या घळीत स्टार पियानो कंपनीचा कारखाना होता, जेनेट ही त्याच कंपनीची रेकॉर्ड शाखा. आता एका इमारतीच्या भिंती उभ्या आहेत, त्यांच्यावर जेनेटचं चिन्ह रंगवलेलं आहे. स्टुडिओ राहिलेला नाही. चालण्याच्या वाटेवर कलावंतांच्या रंगीत चकत्या बसवल्यात, आर्मस्ट्राँगचीही आहे.

मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून भोंगा बाहेर आलेला, त्याच्यासमोर सात माणसं. ऑलिव्हर आणि आर्मस्ट्राँग कॉर्नेटवर (ट्रंपेटसारखंच, थोडं आखूड वाद्य), ट्राँबोनला ऑनोरे ड्यूट्रे, क्लॅरिनेटला जॉनी डॉड्स, पियानोला लिल हार्डिन, बँजोवर बिल जॉन्सन, तालाला बेबी डॉड्स. मोठा ढोल वाजवला तर कोरणारी सुई उडायची, म्हणून बेबी डॉड्सने लाकडी ठोकळ्यांवर ताल धरला. आगगाडी गेली की सगळं थांबवायचं. 'डिपरमाउथ'मध्ये मधेच एक ओरड ऐकू येते, ती बिल जॉन्सनची. बेबी डॉड्स आपली जागा विसरला म्हणून जॉन्सनने ती आवाजाने भरली, असं सांगतात.

याच कारखान्यात त्या वर्षांत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या प्रचाराच्या तबकड्याही दाबून निघत, गिऱ्हाइकाने पैसे भरले की. इंडियानात तेव्हा क्लॅनचं चांगलंच वजन होतं. त्या गावात हे सात कृष्णवर्णीय वादक आले, दोन दिवस भोंग्यापुढे वाजवलं आणि शिकागोला परतले. घळीत उभं राहून मी फोनवर 'चाइम्स' लावलं. फार वेळ तिथे थांबले.

एक गोष्ट खोडली. लिल हार्डिन सांगत असे की आर्मस्ट्राँगचा आवाज इतका मोठा होता की त्याला बाकीच्यांपासून लांब, पंधराएक फुटांवर उभं केलं. सगळी चरित्रं ते सांगतात. मी वहीत लिहिलं होतं, 'हे ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येतं.' ते खरं नाही. एका भोंग्यातून आलेल्या आवाजावरून फूट मोजता येत नाहीत. दोन कॉर्नेट एकत्र असताना ऑलिव्हर पुढे आहे एवढंच ऐकू येतं, आणि धून त्याच्याकडे असताना ते व्हायलाच हवं. आता लिहिलंय : लिल सांगते.

१९ जुलै

सगळ्यात मोठं नुकसान. 'हीबी जीबीज'ची झिजलेली ओके तबकडी, क्रमांक ८३००, २५ डॉलरला आणली होती. तेलकट डाग होते. घरात जखमा पुसायचं अल्कोहोल होतं, कापसाला लावून पुसलं. मिनिटाभरात पृष्ठभाग चिकट झाला आणि कापसावर काळा थर आला. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतारकाम करणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं, लाखेचं पॉलिश तसंच तर करतात. मला सुचलं नाही. ती बाजू गेली.

बरोबर रीत : डिस्टिल्ड पाणी, त्यात सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने, लेबलला पाणी लावायचं नाही, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन उभी वाळवायची.

२६ जुलै

पुली आली. बसवायला वीस मिनिटं. 'वेस्ट एंड ब्लूज' आता काळी दोनच्या किंचित खाली. '७८' हा आकडा तेव्हा ढोबळच होता, स्टुडिओगणिक वेग थोडा वरखाली असे. सॉफ्टवेअरमध्ये दीड टक्का वाढवल्यावर पेटीशी मिळालं. (पेटी आधी ट्यूनरवर तपासा. माझी बरोबर होती, पण समजून चालू नका.)

आता आलाप ऐकला. तो खोल आहे, भरदार आहे, आणि घाई अजिबात नाही. दोन आठवडे मी एक वेगळाच माणूस ऐकत होते.

९ ऑगस्ट

एक वयस्कर संग्राहक भेटले. त्यांच्याकडे जेनेट ५१३५ आहे, तडा गेलेली, पण वाजते. घरी नेऊ देणार नव्हते आणि ते योग्यच होतं. त्यांच्याच यंत्रावर उतरवली. तिथे माझी आणखी एक चूक उघड झाली.

मी घरी अँप्लिफायरच्या फोनो जोडणीतून (रेकॉर्ड प्लेअरसाठी असते ती) आवाज घेत होते. तिच्यात १९५४ नंतर रूढ झालेली आरआयएए सुधारणा बसवलेली असते, ती मंद्र वाढवते आणि तार कापते. एलपीसाठी ती हवीच. भोंग्यापुढे मुद्रित झालेल्या तबकडीला तशी काही सुधारणा केलेलीच नसते, त्यामुळे माझ्या पद्धतीने क्लॅरिनेट गोधडीत गुंडाळल्यासारखी आली असती. त्यांच्या यंत्रात सुधारणा बंद करता येते. दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनो केलं, त्यानेच खरखर बरीच उतरली.

वेग बदलता येत होता. ७८ वर सूर दोन पट्ट्यांच्या मधे लटकत होता. थोडा वाढवत नेला, पियानो पेटीच्या पांढरी एकला येऊन लागला. मी पियानोवर भरवसा ठेवला, कारण कॉर्नेटवाला ओठांनी सूर हलवू शकतो, पियानो नाही. शिवाय तो पियानोच्या कारखान्यातला पियानो. बेसुरा ठेवला असता असं वाटत नाही.

१६ ऑगस्ट

'चाइम्स' साफ करताना टकटक काढणारं साधन पूर्ण जोरात चालवलं. सुंदर स्वच्छ झालं. आणि बेबी डॉड्स गायब! लाकडी ठोकळ्याचा खट् आणि तड्याचा खट् सॉफ्टवेअरला सारखेच दिसतात. मूळ फाइल जपून ठेवली होती म्हणून वाचले. तड्याचे आवाज एकेक करून हाताने काढले, प्रत्येक फेऱ्याला एक, नियमित अंतरावर. दोनशेच्या वर. साडेपाच तास. उरलेली खरखर राहू दिली आहे.

३० ऑगस्ट

१९२४-२५, न्यूयॉर्क. फ्लेचर हेंडरसनच्या बँडमधल्या बाजू भराभर झाल्या, त्यांच्याबद्दल कागदपत्रं चांगली आहेत. थांबले ते १४ जानेवारी १९२५ पाशी, ब्लूज गायिका बेसी स्मिथचं 'सेंट लुई ब्लूज'. तिच्यामागे फक्त आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट आणि फ्रेड लाँगशॉ, आणि लाँगशॉ वाजवतोय हार्मोनियम. पायपेटीचा तो लांब धरलेला स्वर सुरू झाला आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. बेसी ओळ संपवते, कॉर्नेट उत्तर देतो, पेटी खालून धरून ठेवते. आपल्याकडे साथीला बसणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा ऐकावं. ओळ पूर्ण होईपर्यंत तो तोंड उघडत नाही.

६ सप्टेंबर

हॉट फाइव्ह, म्हणजे आर्मस्ट्राँगचा स्वतःचा पाचजणांचा बँड. १२ नोव्हेंबर १९२५ पासून, ओके कंपनी, शिकागो. २६ फेब्रुवारी १९२६ ला 'हीबी जीबीज'. आर्मस्ट्राँग सांगायचा की गाताना शब्दांचा कागद हातातून पडला, म्हणून नुसत्या ध्वनींनी गात राहिलो. लोक यावर वाद घालतात. मी दोनदा मत बदललं. शब्दांचा फेरा आणि निरर्थक बोलांचा फेरा यांच्यामध्ये मला तरी अडखळ ऐकू येत नाही. एवढंच लिहिलं, रकाना दुसरा. पहिल्या रकान्यात त्याची गोष्ट जशीच्या तशी आहे.

२८ मे १९२६ची एक नोंद मी जवळजवळ वगळली होती, कारण बँड आर्मस्ट्राँगचा नाही. व्हँडोम थिएटरच्या अर्स्किन टेटचा वाद्यवृंद, व्होकॅलियनसाठी दोन बाजू. पियानोवर टेडी वेदरफर्ड. हेच वेदरफर्ड पुढे आशियात आले, १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होते, आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेले. मुंबईत त्या काळात गोव्याची मुलं ट्रंपेट शिकत होती. त्यांतल्या चिक चॉकलेट यांना पुढे लोक भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. त्यांना आर्मस्ट्राँग तबकड्यांतून भेटला, आणि आर्मस्ट्राँगच्या शेजारी बसून वाजवलेला माणूस त्यांच्याच शहरात होता. ही बाजू मी रोज ऐकते आहे.

२० सप्टेंबर

मे १९२७, हॉट सेव्हन. आता मायक्रोफोन आहे, ट्युबा आणि ड्रम आत आलेत. १० मेचं 'पोटेटो हेड ब्लूज' पांढरी चारला बरोबर लागलं, काही करावं लागलं नाही. त्यात एका फेऱ्यात बँड दर दोन मात्रापदांना एकच ठोका देऊन गप्प बसतो आणि मधली सगळी जागा आर्मस्ट्राँगची. १९२३चा तो पाठ केलेले दोन फेरे म्हणणारा मुलगा आणि हा, यांच्यात चार वर्षं आणि एक महिना आहे.

चरित्रकार या चार वर्षांबद्दल लिहितात तेव्हा लिलने त्याला ऑलिव्हरपासून वेगळं व्हायला लावलं, हे एक वाक्य सगळीकडे येतं. त्यांचं लग्न फेब्रुवारी १९२४चं, त्याच वर्षी तो न्यूयॉर्कला गेला. लिलचा हात त्यात होताच. पण मला तिच्या पियानोबद्दल कुणी दोन ओळी लिहायला हव्या होत्या असं वाटतं. रिचमंडच्या आणि हॉट सेव्हनच्या या तबकड्यांवर ती आहे, आणि मी सूर तिच्या पियानोवरून लावला.

४ ऑक्टोबर

आजवरचा खर्च : ट्रान्सफॉर्मर ३८, 'वेस्ट एंड' ५९, सुई ३२, पुली २४, खराब केलेली 'हीबी जीबीज' २५, डिस्टिल्ड पाणी, ब्रश आणि पेट्रोल मिळून ४१. एकूण २१९ डॉलर. ट्रान्सफॉर्मर लागला, कारण मोटरला व्होल्ट हवेतच. पण त्याच दिवशी पुलीही मागवली असती तर दोनेक आठवडे वाचले असते.

न्यूयॉर्कच्या कोरोना भागातल्या त्याच्या घराच्या संग्रहात त्याने स्वतः भरलेल्या शेकडो टेप आहेत. आपल्या जुन्या तबकड्या तो टेपवर उतरवून घ्यायचा, त्यांना क्रमांक द्यायचा, खोक्यांवर कात्रणं चिकटवायचा. हे वाचल्यावर मी माझ्या फाइलींना पुन्हा नीट नावं दिली : तारीख, मॅट्रिक्स, वेगात केलेला बदल.

११ ऑक्टोबर

शेवटची बाजू : 'वेदर बर्ड', ५ डिसेंबर १९२८, आर्मस्ट्राँग आणि पियानोवादक अर्ल हाइन्स दोघंच. रिचमंडला सातजणांनी वाजवलेली तीच रचना. हाइन्स तिला ओढतो, सोडतो, मधेच ठेका काढून घेतो, आणि ट्रंपेट पडत नाही.

तारखेच्या क्रमात या दोन बाजूंमध्ये साडेपाच वर्षं येतात. मी दोन्ही एकापाठोपाठ लावून बाबांना पाठवल्या. संध्याकाळी फोन आला. मागे त्यांची पेटी वाजत होती.

"पहिली अर्धा स्वर उतरलीय गं तुझी. दुसरी बरोबर आहे."

पहिली संग्रहातून घेतली होती, तिचा वेग मी तपासलाच नव्हता. 'चाइम्स'चा तपासला म्हणून त्याच बैठकीतल्या बाकी बाजूही तशाच असतील असं धरलं. ११३८३ ते ११३९१, 'चाइम्स' सोडून आठही बाजू उद्या पुन्हा पेटीवर.